कुठून आलात?

मे २०२० मध्ये आमच्या गावच्या एसटी थांब्यावर शाळेतलं एक बाक आणून ठेवलं होतं. बाकावर नोंदवही, सॅनिटायझरची बाटली आणि सुतळीने बांधलेलं पेन. मागे ग्राम कृती दलाची तीन-चार माणसं, तोंडाला टॉवेल गुंडाळलेली. त्यांतला वही सांभाळणारा माझ्याबरोबर चौथीपर्यंत शिकलेला, बहुधा याच बाकावर. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "कुठून आलात?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला अहो-जाहो केलं. त्यात राग नव्हता. सरकारी वहीपुढे बसलं की माणसाचा आवाज असा होतो. मी म्हटलं, "डोंबिवली." त्याने लिहिलं, "मुंबई." दापोली तालुक्यातून बघितलं की विरारपासून बदलापूरपर्यंत सगळी मुंबईच असते. पुढचा रकाना 'कायमचा पत्ता'. तिथे त्याचं पेन थांबलं आणि मीही गप्प झालो. आधार कार्डावर डोंबिवली, सातबाऱ्यावर गाव. मत तिकडे, घरपट्टी दोन्हीकडे. बायको-मुलगी तिकडे, ऐंशीला टेकलेली आई इकडे एकटी. तो रकाना त्याने कोराच ठेवला आणि म्हणाला, "जा शाळेत. चौदा दिवस."

शाळेपासून आमचं घर दोनशे पावलांवर. संध्याकाळी आई ओट्यावर येऊन उभी राहायची, मी व्हरांड्यात. मधे फणस. जेवणाचा डबा कुणीतरी पायरीवर ठेवून निघून जायचं. मी चौथीच्या वर्गात होतो आणि पहिली-दुसरीच्या वर्गात माझा चुलतभाऊ, त्याची बायको नि दोन मुलं. तो अंधेरीच्या एका हॉटेलात कॅप्टन होता. हॉटेल मार्चमध्ये बंद झालं, पगार एप्रिलमध्ये. फळ्यावर कोपऱ्यात अजून 'पट ९' लिहिलेलं होतं. नऊ मुलांची शाळा, आणि तिच्यात आम्ही झोपलेली मोठी माणसं बावीस.

रात्री झोप यायची नाही. मोबाइलवर एकच बातमी पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर यायची. मी निघायच्या चार दिवस आधी, ८ मेच्या पहाटे, बदनापूर ते करमाडच्या दरम्यान रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली होती. जालन्यातल्या एका स्टील कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोलकडची पोरं. भुसावळला जाऊन गाडी पकडायची म्हणून रुळांवरून चालत निघालेली. गाड्या बंद आहेत असं समजून दमून तिथेच आडवी झाली. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला. पासासाठी अर्ज केले होते, उत्तर आलं नव्हतं, असं वाचलेल्यांपैकी एकाने सांगितल्याचं बातमीत होतं. माझा पास दोन दिवसांत आला होता. आजारी आईचं कारण, फॉर्म इंग्रजीत नीट भरलेला, गाडी भाड्याची. कशेडीच्या नाक्यावर सात तास रांगेत उभं राहावं लागलं तेव्हा मी बराच चिडलो होतो. शाळेच्या फरशीवर पडल्यावर त्या चिडण्याची लाज वाटायची.

कागदोपत्री मी आणि ती पोरं एकाच शब्दात बसतो: स्थलांतरित. आमच्याकडे 'चाकरमानी' म्हणतात, त्यात थोडा मान आहे, थोडी थट्टा. पण देशाच्या वहीत आमच्यासाठी जो रकाना आहे तो त्या बाकावरच्या वहीसारखाच, बहुतेक वेळा कोरा.

आमच्या घरात पळून येण्याची परंपरा जुनी. पणजोबा गिरणीत होते. आजी सांगायची, गाठीच्या तापाच्या साली ते आगबोटीने आले, हर्णै बंदरात पडावातून उतरले आणि गावाने त्यांना पंधरा दिवस शिवेवरच्या मांडवात ठेवलं. लहानपणी मला ही राक्षसाच्या गोष्टीसारखी गोष्ट वाटायची. पुढे तपशील वाचले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत आठ-साडेआठ लाखांच्या मुंबईतली जवळजवळ निम्मी माणसं शहर सोडून गेली. गिरण्यांना कामगार मिळेनात. पगार महिना-दीड महिना अडकवून ठेवायची सवय असलेल्या मालकांवर रोजच्या रोज मजुरी मोजायची पाळी आली, आणि एकमेकांची माणसं पळवण्यासाठी नाक्यानाक्यावर बोली लागली.

म्हणजे पळून जाणाऱ्या माणसाची किंमत शहराला तेव्हाही कळली होती. तिचं पुढे काय केलं, ते बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा आला, त्याने सरकारला घरात शिरायचा, माणसं अडवायचा अधिकार दिला. १८९८ मध्ये शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. समुद्राचा वारा आत यावा म्हणून दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. पाडलं जास्त, बांधलं कमी. उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत कोंबली गेली. तरीही त्या भीतीतून काहीतरी उभं राहिलं: परळची हाफकिन संस्था, ट्रस्टच्या चाळी, आणि वीस-पंचवीस वर्षांनी बीडीडी चाळींतल्या एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने जो कायदा लागू केला तो तोच, १८९७चा. पणजोबांना मांडवात बसवणारा आणि मला शाळेत बसवणारा कायदा एकच निघावा याची मला गंमत वाटते. हसू मात्र येत नाही.

वडीलही गिरणीतच. ते लालबागला 'गावकीच्या खोलीत' राहायचे. हा प्रकार आता सांगावा लागतो. गावाच्या मुंबई मंडळाने चाळीत एक खोली घेतलेली असायची. दहा बाय बारा. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकावर रंगाने नाव. दोरीवर कपडे, वळकट्या एकावर एक. खोलीवर माणसं तीसेक, पण पाळ्या तीन असल्यामुळे एका वेळी झोपायला दहा-बारा. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी उचलायची आणि त्याच ऊबदार जागेवर आपली टाकायची. जेवायला खानावळ, ती चालवणारी बाईसुद्धा बहुतेक गावाकडचीच. महिन्याची वर्गणी, भजनाची पेटी, गणपतीचा फंड. कुणी आजारी पडला की मंडळ पैसे काढायचं आणि एकाला सोबत देऊन रोग्याला एसटीत बसवायचं.

वडील म्हणायचे, "कमवायचं मुंबईत, खाटेवर पडायचं गावात." ते हे तक्रार म्हणून सांगत नसत, घरची रीत म्हणून सांगत. मला मात्र आता या रीतीत सगळं अर्थशास्त्र दिसतं. गिरणीने वडिलांच्या हातांचे पैसे दिले. त्यांना वाढवलं गावाने. त्यांची मुलं वाढली गावात. म्हातारपणी सांभाळलं गावाने. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांचा, तेव्हा वडील ट्रंक घेऊन आले आणि दोन वर्षं आम्ही भात, नाचणी नि आईने विकलेल्या कोंबड्यांवर काढली. तो खर्च कुठल्याच गिरणीच्या ताळेबंदात नाही. शहर स्वस्तात चाललं, कारण त्याचा दवाखाना, बालवाडी, बेकारभत्ता आणि पेन्शन लांबच्या गावातली म्हातारी फुकटात सांभाळत होती.

'शाश्वत विकास' हा शब्द मला कधी घरचा वाटला नाही. आजीला सांगायचं झालं तर 'टिकेल असं' म्हणावं लागेल. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी मिळून सतरा उद्दिष्टं ठरवली: गरिबी, भूक, आरोग्य, शिक्षण, कामाची प्रतिष्ठा, शहरं, हवामान. मुदत २०३०. दहाव्या उद्दिष्टात एक पोटकलम आहे, स्थलांतर सुरक्षित आणि सुव्यवस्थित व्हावं असं. भारतानेही ते मान्य केलेलं. २४ मार्च २०२०च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली, बारा वाजता लागू झाली. चार तासांत त्या पोटकलमाचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

मला वाटतं, महासाथीने नवं काही मोडलं नाही. जे आधीच हातउसन्यावर चाललं होतं त्याची वसुली एका रात्रीत आली. खोलीभाडं, रेशन, औषध, मुलांची शाळा यातलं काहीही माणसाबरोबर प्रवास करत नव्हतं. रेशनकार्ड गावात, पोट सुरतेत. २०१३चा अन्नसुरक्षा कायदा होता, गोदामंही भरलेली होती, पण हक्क पत्त्याला बांधलेला. 'एक देश, एक रेशनकार्ड'ची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये झाली होती, त्यात पहिल्या जोड्यांपैकी एक महाराष्ट्र-गुजरात. पण साथ आली तेव्हा सगळी राज्यं त्यात नव्हती. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली आणि शेवटचं राज्य, आसाम, जोडलं गेलं ते जून २०२२ मध्ये. योजना चांगली आहे. ती साथीच्या आधी पुरी झाली असती तर किती माणसं आपापल्या खोलीत थांबली असती, हा प्रश्न मात्र मनातून जात नाही.

आणि मोजणार कोण? १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुटल्या. चार हजार सहाशेहून अधिक गाड्या, त्रेसष्ट लाख प्रवासी. सप्टेंबरमध्ये सरकारने संसदेत सांगितलं की एक कोटी चार लाखांवर मजूर आपापल्या राज्यांत परतले. टाळेबंदीत किती मजूर दगावले, या प्रश्नाला उत्तर मिळालं की अशी माहिती ठेवलेली नाही. गाड्यांचा हिशेब होता, चालणाऱ्यांचा नव्हता. २०११च्या जनगणनेत देशात ४५ कोटींच्या वर स्थलांतरित निघाले होते, पण त्यात लग्न करून दुसऱ्या गावी गेलेल्या बायकाच सगळ्यांत जास्त. सहा महिन्यांसाठी जाऊन परत येणारा त्या जाळ्यातून निसटतो. २०२१ची जनगणना साथीमुळे पुढे गेली, ती २०२७वर येऊन थांबली. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल आलं, त्यावर तीस कोटींहून जास्त असंघटित कामगारांची नावं चढली. नाव चढणं ही पहिली पायरी, हे मान्य. माझ्या चुलतभावाचंही चढलं आहे. त्याचा पुढे काय उपयोग झाला असं विचारल्यावर त्याने ते कार्ड लॅमिनेट करून घेतल्याचं सांगितलं.

ऊसतोड कामगारांची गोष्ट तर याहून विचित्र. बीड, जालना, नगरकडची माणसं दर दिवाळीनंतर कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. राज्याच्या आतल्या आत होणारं हे स्थलांतर दरवर्षी ठरल्या वेळी होतं, त्यात अचानक काही नाही. तरी मार्चमध्ये हंगाम संपत आला असताना लाखाहून जास्त माणसं कारखान्यांच्या आवारात, फडांच्या कडेला, पाचटाच्या खोपटांत अडकली आणि त्यांना घरी पाठवायचा निर्णय एप्रिलच्या मध्यावर झाला. ज्यांचं येणं-जाणं पंचांगाइतकं ठरलेलं, त्यांचंही कुणी आधी मनात धरलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात माझ्या ओळखीचे बरेच लोक खुश होते, हेही लिहिलं पाहिजे. नवी मुंबईच्या खाडीत फ्लेमिंगो किती आले, जालंधरहून हिमालयाच्या रांगा कशा दिसतात, असे फोटो दिवसभर यायचे. 'निसर्ग श्वास घेतोय', 'आता गावाकडे चला'. माणसं काढून घेतल्यावर हवा स्वच्छ होते, यात शोध कसला? आणि गावाकडे चालणाऱ्यांना तिथे काय मिळणार होतं, हे लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत होतं.

आकड्यांत ते असं दिसतं. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घसरलं. मोठ्या क्षेत्रांपैकी वाढली ती एकटी शेती. वर्तमानपत्रांनी शेतीचं कौतुक केलं. पण श्रमबळाच्या पाहणीत दुसरी गोष्ट होती. काम करणाऱ्यांपैकी शेतीत असणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होतं. ते २०१९-२० मध्ये ४५.६ झालं, २०२०-२१ मध्ये ४६.५. कित्येक दशकं हळूहळू उतरत आलेला आकडा दोन वर्षांत उलटा चढला, आणि २०२३-२४ मध्येही तो ४६च्या वरच होता. शेतात काम वाढलं म्हणून माणसं गेली नव्हती. तव्यावरची भाकरी तीच, ताटं वाढली. रोजगार हमीची कामं २०१९-२०च्या २६५ कोटी मनुष्यदिवसांवरून पुढच्या वर्षी ३८९ कोटींवर गेली. ही योजना महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळात उभी केली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून. जवळजवळ पन्नास वर्षांनी तिने दुसरा, न दिसणारा दुष्काळ अंगावर घेतला. ती नसती तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

शेतीत वाढलेल्या त्या टक्क्यांत बायका जास्त. आकडा सोडा, मला वहिनी दिसते. जोगेश्वरीला ती पोळी-भाजीचे डबे करून महिन्याला स्वतःचे आठ-नऊ हजार सोडवायची. गावात ती काकीच्या घरात सून झाली. पहाटे वाडी शिंपणं, मग चूल, मग गवत, मग भात लावणी. पाहणी करणारा आला असता तर त्याने तिला 'घरच्या शेतीत काम करणारी' असं लिहिलं असतं, आणि रोजगार वाढल्याची नोंद झाली असती.

त्यात निसर्ग चक्रीवादळ आलं. नावच तसं ठेवलेलं. ३ जून २०२०. शाळेतून सुटून घरी आल्याला मला आठ दिवस झाले होते. दुपारी वारा असा वळला की माजघरात बसून आम्ही कौलं जाण्याचा आवाज ऐकत होतो, एकेक, मग एकदम. संध्याकाळी बाहेर आलो तर काकीची वाडी ओळखू येईना. पोफळी काड्यांसारख्या मोडलेल्या. माड मुळांसकट उपटून विहिरीवर पडलेला. आंजर्ले, केळशीपासून वर श्रीवर्धनपर्यंत हेच. वीज यायला महिना लागला, काही वाड्यांना त्याहून जास्त. भरपाई हेक्टरी जाहीर झाली. कोकणात वाडी गुंठ्यांत मोजतात आणि एकेका गुंठ्यावर तीन भावांची नावं असतात. मुंबईचा पगार नाही आणि गावची सुपारी नाही, अशी ती पहिलीच वेळ. आजवर एक पाय घसरला की दुसऱ्यावर उभं राहायचं ही आमच्या भागाची युक्ती होती. साथ आणि वादळ एकाच पावसाळ्यात येईल, हे त्या युक्तीत बसवलेलं नव्हतं.

चुलतभावाने त्या पावसात पोफळीची तीस रोपं लावली. त्याच्या मुलांची नावं शाळेत घातली. असे आणखी तिघं आले आणि पट नवाचा चौदा झाला. कमी पटामुळे शाळा बंद होण्याची टांगती तलवार दरवर्षीची, त्यामुळे गुरुजींना आनंद झाला. पण शाळा उघडतच नव्हती. वाढलेल्या पटाची मुलं दीड वर्ष आंब्याखाली खेळली, मोबाइलला रेंज मिळवायला टेकडीवर गेली. शाळा सुरू झाली तेव्हा भावाला हॉटेलातून फोन आला होता. पगार आधीपेक्षा तीन हजारांनी कमी. तो गेला. वर्षभराने वहिनी आणि मुलंही गेली, कारण थोरल्याला आठवी होती आणि आठवीला रोज पाच किलोमीटर चालायचं होतं. पट आता सात आहे.

मी त्याला दोष देत नाही. कुठल्या तोंडाने देणार? मी तर शनिवार-रविवार जोडून आलेला माणूस. आणि माणसं जाणारच; जावं लागू नये असं म्हणणारे बहुधा कधी गेलेले नसतात. पणजोबा गेले म्हणून आजोबा शिकले. जाणाऱ्याला तिथे भाड्याची धड खोली मिळावी, दवाखान्यात त्याचा कागद चालावा, मुलाचा वर्ग मधेच तुटू नये, आणि परत यावं लागलंच तर त्याचा भार एकट्या म्हातारीवर पडू नये, एवढंच. २०२० मध्ये शहरांत भाड्याची घरं बांधायची योजना जाहीर झाली होती. भावाला त्याबद्दल विचारलं तर त्याने विचारलं, "कुठे?" तो आता नालासोपाऱ्याला सहा जणांत एक खोली भाड्याने घेऊन आठवडा काढतो, बायको-मुलं तिच्या माहेरच्यांजवळ बदलापूरला. गावकीच्या खोलीत निदान भजनाची पेटी होती.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा काकी काठी टेकत मला वाडीत घेऊन गेली. वाकलेलीच, पण पुढे पुढे. म्हणाली, "बघ, पोय आली." सहा वर्षांच्या पोफळीला पहिली पोय, म्हणजे फुलोरा, पिवळसर, अजून नीट उकललेलीही नाही. मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो हॉटेलच्या मागच्या दाराशी उभा होता, पाठीमागे सिलिंडर आणि कांद्याची पोती. चित्र अडकत होतं. मी फोन वर धरून त्याला झाड दाखवायचा प्रयत्न केला, त्याला आकाशच दिसलं.

"किती जगलीयेत त्यातली?" त्याने विचारलं.

काकीने मोजलेलीच होती. "एकोणीस."

"पाणी कोण शिंपतं?"

"मी. आणि कोण?" मग फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, तो दूर आहे म्हणून मोठ्याने, "गणपतीला येतोस ना?"

"रजा टाकलीय," तो म्हणाला, आणि आतून कुणीतरी त्याला हाक मारली.